पगारातली बाई-पुरुष तफावत : कुठे शोधायची, कशी मोजायची, कुठे मांडायची

‘आमच्याकडे बाई-पुरुष असा भेद नाही, ग्रेडप्रमाणे पगार होतो.’ कुठल्याही बऱ्या कंपनीत एचआरला विचारलंत तर हेच उत्तर येईल, आणि बहुतेक वेळा ते खोटंही नसेल. एकाच पदावर एकाच दिवशी लागलेल्या दोघांत बाईला उघडउघड कमी पगार देणं मोठ्या कंपन्यांना आता परवडत नाही. फरक त्याच्या आधीच पडून गेलेला असतो. कोण कुठल्या ग्रेडला लागलं, सुरुवातीचा आकडा काय ठरला, इन्सेंटिव्हचं काम कुणाच्या वाट्याला आलं, बाळंतपणाच्या वर्षी रेटिंग काय मिळालं, यात तो असतो. म्हणून ‘समान काम, समान दाम’ एवढंच धरून शोधायला निघालेल्याच्या हाती काही लागत नाही.

हा लेख पहिल्या-दुसऱ्या नोकरीतल्या मुलींसाठी लिहिला आहे. मुलग्यांनीही वाचावा, कारण निम्मी माहिती त्यांच्याकडेच आहे.

पायरी १ : आकडा नीट मोजा

सूत्र सोपं आहे. पुरुषांच्या पगारातून बायकांचा पगार वजा करा, आलेल्या उत्तराला पुरुषांच्या पगाराने भागा आणि शंभराने गुणा. गोंधळ होतो तो कुणाचा पगार कुणाशी ताडून पाहिला यात.

समजा एका कार्यालयात १० अधिकारी आहेत आणि १० कारकून. अधिकाऱ्याला महिना ६०,००० रुपये, कारकुनाला ३०,०००. बाई असो की पुरुष, रुपयाचाही फरक नाही. मात्र अधिकाऱ्यांत ८ पुरुष आणि २ बायका आहेत, तर कारकुनांत ८ बायका आणि २ पुरुष. आता सरासरी काढा. पुरुषांची येते ५४,००० आणि बायकांची ३६,०००, म्हणजे तफावत ३३ टक्के. मध्यक काढला, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावून मधोमधचा घेतला, तर पुरुषांचा ६०,००० आणि बायकांचा ३०,००० येतो. तफावत झाली ५० टक्के. पदनिहाय पाहिलंत तर शून्य.

तिन्ही आकडे खरे आहेत. कंपनी शून्य सांगेल, बातमीत ५० छापून येईल आणि दोघेही एकमेकांना खोटारडे म्हणतील. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जगभराची तफावत साधारण २० टक्के असल्याचा अंदाज मांडला आहे, तो सगळ्या पदांचा आणि क्षेत्रांचा मिळून. म्हणून कुठलाही आकडा ऐकला की दोनच प्रश्न विचारायचे : सरासरी की मध्यक? सगळ्यांचा मिळून की एकाच पदावरच्यांचा? माझ्या मते पदनिहाय शून्य हा सगळ्यात कमी कामाचा आकडा. अधिकाऱ्यांत बायका दोनच का, हा खरा प्रश्न त्याच्याखाली दबून जातो.

पायरी २ : आपल्या क्षेत्रात फरक कुठे बसला आहे ते ओळखा

शेतीत तो लपलेलाही नाही. गावोगाव बाईचा रोज वेगळा आणि गड्याचा वेगळा. का, असं विचारलं तर ‘कामं वेगळी आहेत’ हे उत्तर ठरलेलं. खुरपणी, निंदणी, कापूस वेचणी बायकांकडे. नांगरणी, फवारणी, पोती उचलणं पुरुषांकडे. दिवसभर वाकून खुरपणं हे पोतं उचलण्यापेक्षा हलकं कसं, हे कुणी मोजलेलं नसतं. आणि एखाद्या कामाला यंत्र आलं की ते काम बहुधा पुरुषाकडे जातं, त्याबरोबर रोजही वाढतो. याउलट रोजगार हमीच्या कामावर बाई-पुरुषांना एकच दर असतो आणि मजुरी झालेल्या कामाच्या मोजमापावर ठरते. दर एक ठेवणं अशक्य नाही, एवढं तरी त्यावरून कळतं.

ऊसतोडीत गोष्ट आणखी पुढे जाते. तिथे एक ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल मिळते ती जोडीला, हिशोब होतो तो टनावर, आणि पैसे सहसा नवऱ्याच्या हाती पडतात. बाई ऊस तोडते, साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, पण तिची मजुरी म्हणून वेगळा आकडाच कागदावर नसतो. जो आकडा नाही त्याची तफावत काढणार कशी? खाडा पडला की दंड मात्र लागतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली, तेव्हा मासिक पाळीमुळे खाडा पडण्याची ही भीतीही चर्चेत आली. या क्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्याने पहिली मागणी दरवाढीची करू नये असं मला वाटतं. उचल आणि हिशोब बाईच्या नावाने, तिच्या खात्यात वेगळा जमा होणं, ही पहिली मागणी हवी.

सोलापूरच्या विडी कामगार बायकांचं काम हजार विड्यांच्या दरावर चालतं. पीसरेट बाई-पुरुष बघत नाही, त्यामुळे कागदावर भेद नाही. फक्त घरी बसून विड्या वळणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायकाच आहेत. आशा आणि अंगणवाडी सेविकांना मिळतं ते मानधन, त्यामुळे किमान वेतनाची चौकट त्यांना लागू केली जात नाही. अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरायलाही सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल यावा लागला.

आता अगदी दुसऱ्या टोकाचं उदाहरण. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयने महिला आणि पुरुष क्रिकेटपटूंची मॅच फी समान केली : कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. निर्णय चांगलाच होता, कौतुकही झालं. पण वार्षिक करार वेगळे. २०२२-२३ च्या करारांत पुरुषांच्या वरच्या श्रेणीला ७ कोटी, तर महिलांच्या वरच्या श्रेणीला, म्हणजे आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनासारख्यांना, ५० लाख. शिवाय महिलांच्या वाट्याला कसोटी सामने येतात किती? १५ लाखांचा दर समान असून सामनाच नसेल तर त्या दराचा उपयोग काय? प्रेक्षक आणि प्रक्षेपणाचा पैसा पुरुषांच्या सामन्यांतून जास्त येतो, ही बाजूही खरी आहे. इथे मुद्दा एवढाच की दर समान होणं आणि कमाई समान होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या कंपनीतही बेसिक समान असेल, पण इन्सेंटिव्ह मिळणारी टेरिटरी, ऑनसाइटची संधी, मोठा क्लायंट कुणाकडे आहे ते बघा.

आयटी आणि वित्तक्षेत्रात फरक वेळेतून येतो. अर्थशास्त्राचं २०२३ चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या दीर्घकाळच्या आकडेवारीवरून दाखवलं की आजची बरीचशी तफावत एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांमध्ये आहे आणि पहिल्या मुलानंतर ती रुंदावते. जो माणूस अवेळी, कधीही हजर राहू शकतो त्याला काही नोकऱ्या तासांच्या मानाने फार जास्त मोबदला देतात. पुण्यातल्या टीमला हे समजावून सांगायला नको. रात्री साडेनऊचा अमेरिकेचा कॉल कोण घेतं आणि त्या वेळी स्वयंपाकघर कोण आवरतं, एवढं आठवलं की झालं. भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला २८९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं, आणि पुरुषांचा ८८.

पायरी ३ : कंपनीचा अहवाल उघडा

ही पायरी फार कमी लोकांना माहीत आहे आणि फुकट आहे. शेअर बाजारात नोंदणी असलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, २०२२-२३ पासून एक अहवाल सक्तीचा केला आहे. बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट असं त्याचं लांबलचक नाव. सगळे बीआरएसआर म्हणतात. तो कंपनीच्या वार्षिक अहवालात किंवा वेबसाइटवर मिळतो. मुलाखतीला जाण्याआधी त्यातल्या तीन जागा बघा.

पहिली जागा ‘तत्त्व ५’ नावाचा भाग, मानवी हक्कांचा. तिथल्या एका तक्त्यात पुरुषांचा आणि स्त्रियांचा मध्यक पगार वेगवेगळा दिलेला असतो. संचालक मंडळाच्या ओळीकडे दुर्लक्ष करा; तिथे चार-सहा माणसं असतात आणि एखाद्याच्या मोबदल्याने आकडा हलतो. ‘इतर कर्मचारी’ आणि ‘कामगार’ या ओळी वाचा. दुसरी जागा तत्त्व ३ मध्ये आहे : बाळंतपणाच्या किंवा पितृत्वाच्या रजेवरून किती जण परत आले आणि परतल्यानंतर किती टिकले. तिसरी सुरुवातीच्या भागात, नोकरी सोडून जाणाऱ्यांचं स्त्री-पुरुष प्रमाण.

तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा. एखाद्या वर्षी स्त्रियांचा मध्यक खाली गेला तर लगेच निष्कर्ष काढू नका. त्या वर्षी कंपनीने फ्रेशर मुलींची मोठी भरती केली असेल तरी मध्यक घसरतो, आणि ती भरती वाईट म्हणता येणार नाही. पण तीन वर्षं प्रमाण तेच आणि रजेवरून परतलेल्या वर्षभरात निम्म्यावर आल्या असतील, तर मुलाखतीत काय विचारायचं ते तुम्हाला कळलं.

परदेशात असाल तर साधनं जास्त आहेत. ब्रिटनमध्ये २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना २०१७ पासून तफावतीचे आकडे दरवर्षी जाहीर करावे लागतात आणि सरकारी संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून ते शोधता येतात. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशानुसार उमेदवाराला पदाचा पगारपट्टा आधी सांगावा लागतो आणि जुना पगार विचारता येत नाही. तो आपापल्या कायद्यात आणायला सदस्य देशांना ७ जून २०२६ पर्यंतची मुदत होती.

पायरी ४ : सुरुवातीचा आकडा स्वस्तात देऊ नका

आपल्याकडे पहिलाच प्रश्न येतो, ‘करंट सीटीसी किती?’ सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च. मग त्यावर २०-३० टक्के वाढवून ऑफर मिळते. म्हणजे पहिल्या नोकरीत कमी लागलेली मुलगी प्रत्येक नोकरीत तो कमीपणा सोबत घेऊन जाते. हिशोब करून बघा. एकाला वर्षाला ५,५०,००० आणि एकीला ५,००,०००, दोघांनाही दरसाल ८ टक्के वाढ. वाढ अगदी समान. तरी दहाव्या वर्षी दोघांतला फरक ५० हजारांवरून जवळपास १ लाखावर जातो, आणि दहा वर्षांत मिळून ७ लाख २४ हजारांचा होतो. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीतला फरक यात धरलेलाच नाही.

म्हणून ‘करंट’ला उत्तर द्यायच्या आधी पदाबद्दल विचारा. ‘या पदासाठी तुमचा पगारपट्टा काय ठरलाय?’ हे वाक्य आरशासमोर दोनदा म्हणून बघा, तोंडात बसतं. त्यांनी आग्रहच धरला तर खरा आकडा सांगा, कारण पुढे सॅलरी स्लिपा मागतातच. पण लगेच जोडा, ‘माझी अपेक्षा या पदाच्या कामावरून आहे, मागच्या पगारावरून नाही.’ आवाज नरम ठेवा, वाक्य नरम करू नका. ‘थोडं बघा ना सर, जमलं तर’ यावर कुणीही काही बघत नाही.

ऑफर हाती आली की सीटीसी फोडा. बेसिक किती, व्हेरिएबल किती आणि ते कशावर मिळणार, जॉइनिंग बोनस एकदाचाच आहे का, कंपनीचा पीएफचा हिस्सा आणि विम्याचा हप्ता त्यातच धरलाय का. दोन सहकाऱ्यांचा सीटीसी सारखा असून एकाचं व्हेरिएबल १० टक्के आणि एकीचं ३० टक्के असेल, तर मंदीच्या वर्षी घरी येणारा पैसा सारखा नसतो. लग्न कधी, नवरा कुठे असतो, ‘प्लॅनिंग’ काय, असे प्रश्न आले तर ‘नोटीस पिरियड आणि शिफ्टबद्दल काय हवं ते विचारा, त्याचं पक्कं उत्तर देते’ एवढं बोलून विषय कामावर आणा.

पायरी ५ : बरोबरीच्यांशी बोला

इथेच गाडी अडते. पगार सांगणं आपल्याकडे वय सांगण्याहून अवघड, त्यात नेमणूकपत्रात गोपनीयतेचं कलम असतं. ते कलम नीट वाचा. नुसता आकडा विचारून कुणी सांगत नाही. ग्रेड, पट्टा आणि वाढीची टक्केवारी लोक सहज सांगतात. नोकरी सोडून गेलेला सहकारी तर हमखास सांगतो. आधी स्वतःचा आकडा सांगितला की समोरचाही मोकळा होतो. कॉलेजच्या बॅचचा ग्रुप असतो, तिथे दरवर्षी निनावी फॉर्म फिरवून पद, शहर, अनुभव आणि पगार गोळा करणारे बरेच आहेत. तुमच्या बॅचमध्ये नसेल तर तुम्ही सुरू करा.

मुलग्यांनो, तुमचं काम एवढंच की शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने विचारलं तर खरा आकडा सांगा.

पायरी ६ : रजेच्या वर्षावर लक्ष ठेवा

२०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली. रजा मिळते, फरक पडतो तो मूल्यमापनात. वर्षातले सहा महिने काम केलेल्या बाईची तुलना बारा महिने केलेल्यांशी झाली की रेटिंग ‘सरासरी’ येतं, बढती एक वर्ष मागे जाते आणि पायरी ४ मधला चक्रवाढीचा हिशोब पुन्हा सुरू होतो. रजेवर जाण्याआधी तोवरच्या कामाचं मूल्यमापन लेखी मागा; ईमेलवर चार ओळी आल्या तरी चालतील. रेटिंग काम केलेल्या महिन्यांवरच होणार का, हेही त्यातच विचारून घ्या. परतल्यावर ‘तुझ्या सोयीसाठी’ म्हणून कमी महत्त्वाचं काम दिलं गेलं, तर ती सोय तुम्ही मागितली होती का ते आठवा. मागितली नसेल तर जुनं काम लेखी मागा.

पायरी ७ : कायदा काय म्हणतो ते एकदा समजून घ्या

राज्यघटनेच्या कलम ३९(ड) मध्ये समान कामासाठी स्त्री-पुरुषांना समान वेतन हे तत्त्व आहे. त्यावर १९७६ चा समान वेतन कायदा आला. आता त्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कलम ३ नुसार एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी लिंगावरून वेतनात किंवा भरतीत भेद करता येत नाही, आणि समानता आणण्यासाठी कुणाचा पगार कमीही करता येत नाही. ही तरतूद फक्त कामगारांसाठी नाही. व्यवस्थापक आणि पर्यवेक्षक बायकाही ‘कर्मचारी’ या व्याख्येत येतात.

‘सारख्या स्वरूपाचं काम’ म्हणजे काय, हे समजायला मुंबईचाच एक खटला उपयोगी पडतो. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत ऑड्री डिकॉस्टा ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ होत्या. पुरुष स्टेनोग्राफरांना त्यांच्यापेक्षा जास्त पगार होता. कंपनीचं म्हणणं असं : हे पद वेगळं आहे, युनियनशी तसा करार झालेला आहे, आणि आमची आर्थिक स्थितीही बरी नाही. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यातलं एकही मान्य केलं नाही. पदाचं नाव नव्हे, रोज प्रत्यक्ष केलं जाणारं काम बघायचं. त्या पदावर फक्त बायका असतील तर त्या तिथे व्यवस्थापनाला हव्या म्हणून आहेत. आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. फरकाची रक्कम होती ७,१९६ रुपये ६७ पैसे. एवढ्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढणारी कंपनी रकमेसाठी लढत नसते, हे उघड आहे.

तुमच्या पदाचं नाव ‘असोसिएट’ आणि शेजारच्याचं ‘सीनियर असोसिएट’ असेल तर हा निकाल आठवा आणि दोघांच्या रोजच्या कामाची यादी करा. अवघड भाग तोच. काम खरंच सारखं आहे का, की त्याच्यावर एखादी जास्तीची जबाबदारी आहे? प्रामाणिकपणे लिहा. पुढे हाच कागद कामी येतो.

पायरी ८ : तक्रार करायचीच झाली तर

आधी एचआरला लेखी विचारा. आरोप नको, प्रश्न हवा : ‘माझी ग्रेड कुठल्या निकषांवर ठरली आणि वरच्या ग्रेडसाठी काय कमी पडतंय, ते कळवावं.’ उत्तर आलं तरी उपयोग होतो, न आलं तरी होतो. नेमणूकपत्र, सॅलरी स्लिपा, वाढीची पत्रं, रेटिंगचे ईमेल या तुमच्या स्वतःच्या कागदांच्या प्रती घरी ठेवा. सॅलरी स्लिप देणं संहितेनुसार मालकाला बंधनकारक आहे. रोखीने पगार घेणाऱ्यांनीही ती मागावी. दुसऱ्याचे पगार दाखवणाऱ्या कंपनीच्या फायली मात्र कॉपी करू नका. त्या एका चुकीवर तुमचंच प्रकरण उलटतं.

त्यानंतरचं दार कामगार आयुक्त कार्यालयाचं. राज्यातल्या खाजगी कंपन्या, दुकानं, कारखाने यांच्यासाठी राज्याचं. बँका, रेल्वे, खाणी, केंद्राचे उपक्रम यांच्यासाठी केंद्रीय कामगार खात्याचं. चुकीच्या दारात गेलात तर महिने फुकट जातात, म्हणून हे आधी विचारून घ्या. दावा थकबाकी निर्माण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत करायचा असतो. तो तुम्ही स्वतः करू शकता किंवा तुम्ही सदस्य असलेली नोंदणीकृत कामगार संघटना करू शकते. एकटीचं नाव पुढे येऊ नये असं वाटत असेल तर संघटनेचा मार्ग बरा. मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई द्यायला लावण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या प्राधिकरणाला आहे, आणि देय रक्कम दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. काम सारखं आहे की नाही यावरच वाद असेल तर तो सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे जातो. तिथे पायरी ७ ची यादी न्यायची.

वकिलाच्या खर्चाची धास्ती असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. चौकशीसाठी १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक. फोन लावण्याआधी रुजू झाल्याची तारीख, पद, शेवटचा पगार आणि ज्याच्याशी तुलना करायची त्याचं पद एका कागदावर लिहून ठेवा. बहुधा पहिले प्रश्न याच गोष्टींचे येतात.